शंभरातले साठ

टॉलिव्हर, ३ मार्च

आर्लन,

हे पाकीट फाडशील की तसंच शेगडीत टाकशील, मला माहीत नाही. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या दारात येऊन उभं राहायची माझी हिंमत नाही, म्हणून तिकीट लावून टपालाने पाठवतेय. एकाच गावात राहून! पोस्टातल्या बाईने पत्ता वाचला आणि म्हणाली, "हे तर वरच्या रस्त्यावरचं घर. चालत वीस मिनिटं." मी म्हटलं, "हो, पण चढ आहे."

२३ एप्रिलला मतदान आहे. तिसऱ्यांदा. रोज संध्याकाळी कामावरून सुटले की मी लोकांची दारं वाजवत फिरते. ते भाषण आता इतकं तोंडात बसलंय की परवा स्वतःच्याच घराचं दार उघडताना पुटपुटले: नमस्कार, मी नडीन टॉलेफसन. नदीकाठची नऊ एकर नासपतीची बाग माझ्या आईने अकरा वर्षांपूर्वी शहराला दिली. बक्षीस दिली, अट एकच, तिथे सगळ्यांसाठी उद्यान व्हावं. शहराकडे पैसे नाहीत, कर्ज काढावं लागेल. ते फेडायला तुम्ही घरपट्टीत थोडी वाढ मंजूर केलीत तर…

इथपर्यंत क्वचितच कुणी पोचू देतं. काल एक जण म्हणाला, "माझा कुत्रा आमच्याच अंगणात हगतो, मला पार्क कशाला?" एका बाईने सांगितलं, तिची मुलं मोठी झाली, आता ज्याची त्याने बघावीत. तिसऱ्याने नुसतं रस्त्यातल्या खड्ड्याकडे बोट दाखवलं आणि दार लावून घेतलं. मी त्या खड्ड्याशी थोडा वेळ उभी राहिले. खड्डा खरंच मोठा होता.

पहिल्या वेळी आम्हाला शंभरातली बावन्न मतं पडली, दुसऱ्या वेळी अठ्ठावन्न. लागतात साठ. शाळेच्या मॉनिटरपासून गव्हर्नरपर्यंत सगळे पन्नासाच्या वर एक मिळालं की निवडून येतात. फक्त कर्ज काढून झोपाळा बसवायचा असेल तर साठ. हा नियम कुणी केला त्याला मला एकदा जेवायला बोलवायचंय आणि शंभरातले साठ घासच वाढायचेत.

तुझी विरोधाची पाटी पाहिली. बाकीच्यांच्या अंगणात छापील पाट्या आहेत, तू हाताने रंगवलीस. लाल रंगात. "आधी होतं ते सांभाळा." मी गाडी हळू केली नाही, पण वाचली.

मत मागायला हे लिहीत नाहीये. बरं, मागतेय. पण तेवढ्यासाठीच नाही.

नडीन

*

२४ एप्रिल

आर्लन,

काल रात्रीचा पहिला आकडा तू ऐकला असशीलच, फळांच्या पॅकिंग शेडवर सकाळी दुसरं काय बोलतात! साठ पूर्णांक आठ. ग्रासिएलाने मला उचलून गोल फिरवलं. ग्रासिएला इबारा, शाळेची बस चालवते ती. आमच्या उद्यान समितीत आता ती आणि मी दोघीच उरलोत, बाकीचे दुसऱ्या हरण्यानंतर थकले. तिची तिन्ही मुलं पॅकिंग शेडमागच्या खडीवर फुटबॉल खेळतात, कारण या गावात दुसरी सपाट जागा नाही. म्हणजे आहे, नऊ एकर आहे, पण तिला कुंपण आहे आणि कुंपणावर "नियोजित उद्यान" असा फलक आहे. त्या फलकाचाही रंग उडाला.

मी उड्या मारल्या नाहीत. टपालातली मतं अजून येतायत, आणि उशिरा येणारी मतं आपल्या बाजूची नसतात, हे मी दोनदा शिकलेय. आज दुपारी साठ पूर्णांक पाच.

शहराने या वेळी सांगून ठेवलंय, हरलात तर जागा विकायला काढू. आईची अट पंधरा वर्षांची होती, वकील म्हणतात तीही सोडवता येईल. सामान ठेवायचे पत्र्याचे गाळे बांधणारा एक जण रांगेत उभाच आहे.

मतदानाचं पाकीट तू पाठवलंस ना? कसं भरलंस ते विचारत नाही. तू कधी मतदान चुकवलं नाहीस म्हणून विचारलं.

नडीन

*

२७ एप्रिल, शनिवार

आर्लन,

थोडक्यात लिहिते. काउंटीच्या मतदान कार्यालयाकडून तुला एक पत्र आलं असेल, नाहीतर येईल. पांढरं, लांबट, खिडकीचं. जाहिरात समजून टाकू नकोस, उघड. मुदत गुरुवार संध्याकाळी पाचपर्यंत आहे.

तुझी तब्येत बरी आहे ना?

नडीन

*

२९ एप्रिल

आर्लन,

शनिवारी मी खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. आज लिहिते.

मतदानाच्या पाकिटावर आपण सही करतो, ती काउंटीवाले जुन्या सहीशी ताडून बघतात. जुळली नाही तर मत बाजूला ठेवतात, मोजत नाहीत. अशा लोकांची यादी कुणालाही मागून घेता येते. निवडणूक अटीतटीची झाली की दोन्हीकडचे लोक ती यादी घेऊन आपापल्या माणसांच्या मागे धावतात: अहो, फॉर्म भरा, पुन्हा सही करा, तुमचं मत कुजतंय. आपापल्या माणसांच्या मागे. दुसऱ्यांच्या नाही. तसा रिवाजच आहे.

शुक्रवारी यादी आली. एकतीस नावं. ग्रासिएला हिरवं पेन घेऊन बसली, आपली वाटतात त्यांच्यापुढे खूण करायला. बाविसाव्या ओळीवर थांबली.

"टॉलेफसन, आर्लन जे. हा तुझा भाऊ ना? लाल पाटीवाला?"

"हो."

"वाचलो गं बाई! याला सोड."

आणि ती तेविसाव्या ओळीवर गेली.

मी तुझ्याच ओळीवर राहिले. कारण पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: सही जुळत नाही. तुझी सही, आर्लन! शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी करायची तेव्हा हेडबाई ओळखायच्या, आणि तू केलीस की कुणाला कळायचं नाही, असा तुझा हात. तो हात कशाने बदलला? मला हे काउंटीच्या यादीतून कळावं?

आता आकड्याचं. आज आम्ही साठ पूर्णांक एकवर आहोत. म्हणजे हवीत त्यापेक्षा दोन मतं जास्त. दोन. तू "नाही" भरलं असणार हे मला कळतं, अंगणात पाटी लावणाऱ्याचं मत गुप्त कसलं! तू काउंटीची पत्रं उघडत नाहीस हेही मला माहीत आहे. म्हणजे मी काहीच केलं नाही, नुसती गप्प बसले, तर तुझं मत मोजलं जाणार नाही आणि कुणी मला बोल लावणार नाही. कुणाला कळणारही नाही.

पण एकदा मी अशीच गप्प बसले होते. हे तुला सहा वर्षं सांगायचंय.

बाग शहराकडे गेल्यावर औषधफवारणीला पैसे नाहीत म्हणून झाडांना कीड लागली, आणि शेजारच्या बागा वाचवायला काउंटीच्या कीड मंडळाने सगळी झाडं उपटायची नोटीस काढली, एवढं तुला माहीत आहे. नोटीस शहराला आली असंच तू धरून चाललास. ती मलाही आली होती, देणगीदाराची वारस म्हणून. तुझी प्रत आईच्या जुन्या घराच्या पत्त्यावर, म्हणजे मी राहते तिथे, माझ्याच पेटीत. तीन आठवडे आधी. मी दोन्ही प्रती ड्रॉवरमध्ये ठेवल्या. तू ओरडशील याची भीती वाटली, दुसरं कारण नाही. म्हटलं शहराशी बोलून मी काहीतरी मार्ग काढते, मग सांगते. मार्ग निघाला नाही. आणि तू कामावरून येताना रस्त्यावरून पाहिलंस, यंत्र बाबांची झाडं मुळांसकट ओढतंय. तीन आठवडे मिळाले असते तर तू स्वतः फवारलं असतंस. सुट्ट्या घेऊन फवारलं असतंस, मला माहीत आहे.

म्हणून या वेळी तुझं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवणार नाही. तुझं मत बाजूला पडलंय. गुरुवारी पाचच्या आत फॉर्म भरून दिलास तर मोजतील. फॉर्म त्या खिडकीच्या पाकिटात आहे.

ग्रासिएलाला मी हे सांगितलेलं नाही.

नडीन

*

३ मे, सकाळ

आर्लन,

काल दोन तास तू माझ्या शेजारी होतास, तरी काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत. आज चारला अंतिम आकडा लागेल. त्याच्या आधी लिहून टाकते, नंतर मी वेगळंच काहीतरी लिहीन.

बुधवारी फोन वाजला आणि सहा वर्षांनी तू पहिलं वाक्य काय बोललास? "टिल्ले, उद्या ये. येताना पेन आण, माझी सगळी वाळलीत." मी फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसले. हसत होते की काय, कळेना.

तू दार उघडलंस तेव्हा डावा हात खिशात होता आणि उजवा दाराच्या कडीवर घट्ट. मला वाटलं राग आहे. मग तू टेबलाशी बसलास, पेन धरलंस, आणि मी पाहिलं. तू पण माझ्याकडे पाहिलंस, मी पाहिलं का ते बघायला.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ते पार्किन्सन म्हणतात. मी म्हातारपण म्हणतो. सही कुठे करायची ते सांग."

चार कागद खराब झाले. चौथा तू मुठीत चुरगळलास आणि पत्र्याच्या छताकडे बघून काउंटीला जे काही बोललास ते इथे लिहिण्यासारखं नाही. "चाळीस वर्षं! माझी सही बँकेने घेतली, लष्कराने घेतली, शीलाच्या वकिलाने घटस्फोटाच्या कागदावर घेतली, तेव्हा कुणाला शंका आली नाही. आणि आता हे कालचे पोरटे मला सांगणार मी मी नाही?"

मग मी फॉर्मची मागची बाजू वाचली. सही येत नसेल तर मतदाराने फुली मारावी, दोन साक्षीदारांनी खाली सही करावी. तू शेजारच्या हॉवर्डला हाक मारलीस. तो हात पुसत आला, फॉर्म वाचला आणि खिंकाळला. "एका फुलीला दोन साक्षीदार? आर्लन, तुझ्या लग्नालाही एवढेच होते, आणि ते काय टिकलं ते आपण पाहिलं!"

तू फुली मारलीस. हॉवर्डने सही केली. मग फॉर्म माझ्याकडे सरकवलास आणि बोट त्याच्यावरच ठेवलंस.

"मी काय भरलंय ते तुला माहीत आहे ना?"

"सांगू नकोस."

"पाटी लावलीय, सांगायचं काय राहिलं? कळून सही करतेयस ना? मागाहून रडशील."

"बोट काढ, सही करायचीय."

एवढं तुला माहीत आहे. आता माहीत नसलेलं.

फॉर्म तू माझ्या हातात दिला नाहीस. "पोचलाच नाही तर?" म्हणालास. बरोबर केलंस. गाडीत तू तो मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरला होतास. सव्वाचार वाजले होते. कार्यालयाला दोन रस्ते आहेत, पुलावरून आणि फाटकातून. फाटकात साडेचारची मालगाडी रोज अडकते, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. मी फाटकाच्या रस्त्याला वळले. तू म्हणालास, "पुलाने घ्यायचं ना." मी म्हटलं, "सवयीने वळले."

सवयीने वळले की नाही, आर्लन, ते मला आत्ताही सांगता येत नाही. मी रात्रभर त्या वळणावर परत परत गेले. हात आपोआप फिरले, की मी फिरवले? गाडी आली. डबे मोजत बसले. चाळीसपर्यंत मला काही वाटलं नाही. सत्तराच्या पुढे मी मनात म्हणत होते, अजून ये. अजून ये. शंभर डबे ये. आणि तू शेजारी त्या कागदावर हात दाबून बसला होतास, आणि कागद फडफडत होता. वाऱ्याने नाही.

चार छत्तीसला फाटक उघडलं. आपण पावणेपाचला पोचलो. काउंटरवरच्या मिसेस प्रुइटने शिक्का मारला तेव्हा तू मान ताठ केलीस, आणि मला तुझा अभिमान वाटला, आणि शिक्का बसायला नको होता असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

परत येताना तू एवढंच बोललास, "पुलाने घे."

बघू चारला काय होतं ते.

नडीन

*

७ मे

आर्लन,

शुक्रवारी लागलेला आकडा त्यांनी काल पुन्हा मोजला. तोच आला.

एकूण मतं २,०८२. आपली, म्हणजे आमची, १,२४९. साठ टक्क्यांना हवीत एक हजार दोनशे एकोणपन्नास पूर्णांक दोन दशांश. माणसाचा पाचवा हिस्सा कमी पडला. पाचव्या हिश्श्याचा माणूस मिळत नाही, म्हणून एक अख्खा माणूस कमी, म्हणून हरलो.

तू मेकॅनिक आहेस, तुझा हिशेब माझ्यापेक्षा पक्का, तेव्हा लपवून उपयोग नाही. एक "नाही" कमी असतं तर २,०८१. त्याला १,२४९ पुरली असती.

ते "नाही" तुझंच होतं असं नाही. ८३३ जणांनी "नाही" भरलं, त्यातला प्रत्येक जण तेच एक आहे. कुत्रेवाला आहे, खड्डेवाला आहे. मी स्वतःला हे अगदी व्यवस्थित समजावते. पण त्या ८३३ पैकी एकाच्याच फुलीखाली माझी सही आहे.

ग्रासिएलाला मी खरं सांगितलं. ती बस धूत होती. पाण्याची नळी तशीच चालू राहिली, पाणी तिच्या बुटांवर.

"तुला माहीत होतं तो नाही म्हणणार?"

"हो."

"दोन मतांनी पुढे होतो तेव्हा?"

"हो."

"माझी पोरं खडीवर गुडघे फोडतात, नडीन. तुझा भाऊ कुठे फोडतो?"

मी काहीतरी हक्काचं बोलले. प्रत्येकाच्या मताचा हक्क, असं. तिने नळी बंद केली.

"तू प्रामाणिक आहेस," ती म्हणाली. "तुला परवडतं ते."

आणि बसमध्ये चढून दार लावलं. बसचं दार फुस्स करून लागतं, त्याला आपटताही येत नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. समितीच्या कपाटाची किल्ली माझ्या टपालपेटीत टाकून गेली.

मला तुझा राग आलाय. हे मी मोठ्या मनाने झाकणार नाहीये. मी तुझ्यासाठी अकरा वर्षांचं काम पणाला लावलं, आणि त्याचा मोबदला म्हणून तू मत बदलशील असं मी कधी म्हटलं नाही, पण मनाच्या तळाशी कुठेतरी म्हटलं होतं. पाकीट आधीच बंद झालं होतं, बदलणार कसं, हे कळत असूनही म्हटलं होतं. नियमाचा राग आलाय, शहराचा आलाय, ज्या चारशे जणांनी मला दारात "हो हो, नक्की" म्हटलं आणि पाकीट फ्रिजवर तसंच ठेवलं त्यांचा सगळ्यात जास्त आलाय. आणि माझा. सही केली म्हणून नाही. फाटकाने वळले म्हणून.

नोटिशीबद्दल तू अजून एक शब्द काढलेला नाहीस. गुरुवारी दोन तास होतास, काढला असतास. वाट बघतेय. शिव्या दे हवं तर.

नडीन

*

२८ जुलै

आर्लन,

तुझ्या घरी आता दर रविवारी येते तरी हे लिहूनच देतेय, कारण समोर बसलं की तू हवामानावर जातोस. मे महिन्यात नोटिशीवरून शिव्या दिल्यास त्या सोडून. त्या मात्र तू फोनवर, थांबून थांबून, पंचवीस मिनिटं दिल्यास. सगळ्या पोचल्या.

काल मिसेस प्रुइट मला दुकानात भेटली, बटाट्यांपाशी. म्हणाली, "तुझा भाऊ कसा आहे? मे महिन्यात परत आला होता बिचारा."

"परत? कशाला?"

"तुला नाही सांगितलं? निकालानंतरच्या सोमवारी, पुन्हा मोजायला घेणार होतो तेव्हा. काउंटरवर येऊन म्हणाला, माझं मत काढून घ्यायचंय. मी म्हटलं, असं नाही होत. तर म्हणाला, बदलू नका, हो करू नका, नुसतं काढा. मी त्याला समजावलं, पाकीट वेगळं, मत वेगळं, एकदा वेगळं झालं की कुणाचं कुठलं ते देवालाही सांगता यायचं नाही. पंधरा मिनिटं बसून होता बाकावर."

मी बटाटे न घेताच घरी आले.

आभार मानायला हे लिहीत नाहीये. उलट सांगायचंय, पुन्हा असलं काही करू नकोस. ते मत तुझं होतं, तू विचार करून भरलं होतंस आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. तू काय रंगवलं होतंस ते मी आता दारोदार न फिरता, शांतपणे वाचलंय. जे शहर झाडं जगवू शकलं नाही ते झोपाळे कसे जगवणार? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे सहा वर्षांत नव्हतं. मी नुसती म्हणत होते, आधी मंजूर तर करा.

मंगळवारी कौन्सिल बसलं. गाळेवाल्याला विकायचं की नोव्हेंबरमध्ये शेवटचं एकदा मतदान घ्यायचं, यावर तीन तास. मला मिळाली तीन मिनिटं, सगळ्यांना मिळतात तेवढीच. मी भाषण केलं नाही. मी म्हटलं, या वेळी वाढीव घरपट्टीतला ठरावीक भाग फक्त देखभालीला बांधून ठेवा, कायद्याने, दुसरीकडे वळवता येणार नाही असा, नाहीतर मी स्वतः विरोधात मत देईन. मागे कुणीतरी "काय?" म्हणालं. ती ग्रासिएला होती. ती माझ्याशी बोलत नाही, पण आली होती, आणि माझ्यानंतर तिच्या तीन मिनिटांत तिने तेच मागितलं, माझं नाव न घेता. चार विरुद्ध तीन. नोव्हेंबर ठरला.

आता तुझ्याकडे काम आहे.

मतदारांना घरोघर जी पुस्तिका जाते तिच्यात प्रत्येक प्रस्तावाला एक पान असतं, अर्धं बाजूने, अर्धं विरोधात. बाजूचं मी लिहिणार. विरोधात लिहायला शहर माणूस शोधतंय आणि आजवर एकच अर्ज आलाय, त्या वेंडेल स्ट्रोबचा. तोच तो, गेल्या वेळी ग्रंथालयाच्या प्रस्तावावर लिहायला बसला आणि नळाच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर घसरला. माझ्या बाजूने बघितलं तर याच्याहून चांगला विरोधक मिळणार नाही. त्याचं वाचून लोक हसतील आणि मला मत देतील.

मला तो नकोय. आईच्या जमिनीच्या विरोधात कुणी लिहायचंच असेल तर नीट लिहावं. गावातल्या ८३३ माणसांना वेडं ठरवून मला जिंकायचं नाही, आणि तसं जिंकले तर पुढच्या दहा वर्षांत पहिला झोपाळा तुटल्यावर ते मला जे बोलतील ते निमूट ऐकून घ्यावं लागेल. तू लिही. तुझं अजूनही "नाही" असेल तर. देखभालीची अट पुरेशी वाटत नसेल, कौन्सिल ती पाळेल यावर विश्वास नसेल, तर तेच लिही. आणि या तीन महिन्यांत मन बदललं असेल तर तसं सांग, मग मात्र मला वेंडेलबरोबर एका पानावर बसावं लागेल.

दोन्हीकडे टॉलेफसन छापलेलं पाहून गाव हसेल. हसू दे.

हाताची काळजी करू नकोस. तू बोल, मी लिहून घेईन. तू म्हणशील तसं, शब्दाला शब्द, माझ्यावर असलं तरी. दोनशे शब्दांची मर्यादा आहे आणि तुला आटोपतं घेता येत नाही, तेव्हा कापावं लागेल. कापायचं काम मी करीन, पण प्रत्येक शब्द तुला विचारून.

अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय. मी बुधवारी कामावरून थेट येते. काहीतरी खायला करून ठेव, वाद उपाशीपोटी होत नाही.

नडीन